जीर्णोद्धार : वास्तूचा आणि विद्येचा



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. पुढे मी मराठी साहित्याच्या वाटेला लागलो. परंतु सरांनी दाखवलेला शनी अजून डोळ्यांपुढे आहे. १९६२ साली दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी सर आम्हा पाच-सहा मुलांना घेऊन अंबरपेठेहून बेगमपेठेच्या निजामिया वेधशाळेत गेले होते. घुमट कुरकुरत उघडला आणि पुस्तकातले कडे आकाशात दिसले.

नवाब जफर जंग यांनी १९०१ साली ही वेधशाळा स्वतःच्या हौसेने उभारली. १९०८ साली ती निजाम सरकारकडे आली आणि १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाच्या हाती सोपवली गेली. आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याचे जे आंतरराष्ट्रीय कार्य पॅरिसमध्ये ठरले होते, त्यातला एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. येथील वेधकांनी साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या स्थानांची नोंद केली. रात्रीमागून रात्री जागून केलेले हे काम आपल्या शहराचे आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे.

शहराचे दिवे वाढले, तारे फिके झाले. १९६८ च्या सुमारास ४८ इंची दुर्बीण जपाल-रंगापूर येथे उभी राहिली. १९८० चे खग्रास सूर्यग्रहण तेथूनच अभ्यासले गेले. संशोधन नव्या जागी गेले, हे योग्यच झाले. परंतु जुन्या वास्तूला दुसरे काम मिळाले नाही, आणि तिची पडझड सुरू झाली.

जीर्णोद्धार हा शब्द आपण मंदिरांसाठी वापरतो. यादगिरीगुट्ट्याचे मंदिर नव्याने बांधले जात असताना देवाची पूजा बालालयात अखंड चालू होती. २०२२ साली देव मूळ स्थानी परतले. पूजा एक दिवसही खंडित होऊ द्यायची नाही, हे त्या परंपरेचे मर्म आहे. विद्येच्या वास्तूंना आपण हा न्याय का लावत नाही?

मी जेथे अध्यापन केले, त्या एका महाविद्यालयाची रसायनशाळा दुरुस्तीसाठी बंद झाली आणि दोन वर्षे उघडली नाही. त्या मुलांनी मोठ्या वर्गाच्या वह्यांवरून प्रयोग उतरवून काढले. परीक्षानळी हाती न धरता ती पदवीधर झाली. मी मराठीचा प्राध्यापक, म्हणून गप्प राहिलो. ते मौन आज मला बोचते.

मित्रहो, आपल्या शाळेची प्रयोगशाळाही आता दुरुस्तीस आली आहे. रंगकामाला आपण सारेच उत्साहाने वर्गणी देतो, कारण रंग दिसतो. परंतु जुनी इमारत खचते ती पाण्याने. आधी गच्चीची गळती आणि तुंबलेले पन्हाळे पाहावेत. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मग विजेच्या तारा, पाण्याचे नळ, वायू बाहेर जाण्याची सोय. रंग सर्वांत शेवटी.

आणि पहिली विटही काढण्यापूर्वी एक खोली निश्चित करावी. ते आपले बालालय. तेथे चार टेबले, दोन सूक्ष्मदर्शक, एक बेसिन एवढे असले तरी पुरे. परंतु ज्या वर्षी काम चालेल, त्या वर्षीच्या दहावीच्या मुलांचा एकही प्रयोग चुकता कामा नये. त्या खोलीचा खर्च उचलण्याची इच्छा मी येथे जाहीर करतो. माजी विद्यार्थ्यांनी त्यात भर घालावी.

सरांनी आम्हाला शनी तोंडी सांगितला नाही, दाखवला. त्यांचे स्मारक तेच.