पितळी पदकांची पाठ

अलंकाराचे कौतुक त्याच्या दर्शनी बाजूवरून करण्याची आपणा सर्वांस सवय असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील ओझ्याच्या घोड्यांच्या साजावर जी पितळी पदके झळकत असत, त्यांचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने पदक आधी उलटे करून त्याची पाठ न्याहाळावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पदक तळहातात मावेल एवढे, सुमारे तीन इंचांचे. एखादे घोड्याच्या कपाळावर, आणि बाकीची एकाखाली एक अशी छातीवरून तंगापर्यंत उतरणाऱ्या जेरबंदावर. सूर्य, चंद्रकोर, गव्हाची पेंढी, केंट परगण्याचा उसळलेला घोडा अशा नाना आकृत्या त्यांवर आढळतात. १८८७ व १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचे महोत्सव झाले, तेव्हा तिची मुद्राही पदकांवर आली. हे सारे दृष्ट टाळणारे प्राचीन ताईत होत, ही आख्यायिका मनोहर खरी, पण तिला दस्तऐवजी आधार नाही. मला तर अनेक गाडीवान आपल्या तुटपुंज्या रोजमुऱ्यातून ही पदके विकत घेत, हीच गोष्ट अधिक हृद्य वाटते. गाडीच्या घोड्यांची निगा वाढावी म्हणून त्यांची मिरवणूक भरविणारी संस्था लंडनमध्ये १८८५ साली निघाली, तिलाही गाडीवानांचा आपल्या घोड्यांविषयीचा हाच अभिमान उपयोगी पडला.

आता पाठीकडे वळू. वॉल्सॉल आणि बर्मिंगहॅम येथील कारखान्यांत वाळूच्या साच्यात ओतलेल्या पदकाच्या पाठीवर बहुधा दोन लहान खुंट्या ठेवीत. त्या शेगड्यात धरून कारागीर दर्शनी बाजू कानशीने घाशी, आणि मग त्या काढून टाकी. त्यांच्या पुसट खुणा बोटाला लागतात, तेव्हा त्या अनामिक कारागिराचा हातच आपल्या हाती आल्यासारखे वाटते. पुढे पातळ पत्र्यावर ठसा मारून पदके निघू लागली. ती वजनाने हलकी, आणि समोरचा उठाव त्यांच्या पाठीवर खळगा होऊन उमटलेला. हलकी म्हणून ती हिणकस मानणे अन्यायाचे होईल, कारण त्यांतील काहींची रेषा ओतीव पदकांहूनही रेखीव असते.

मोटारी आल्या, पागा ओस पडल्या, आणि मद्यगृहांच्या भिंती सजविण्यासाठी नकला निघाल्या. खऱ्या पदकाच्या कडीची वरची आतली कड चामड्याच्या घर्षणाने झिजलेली असते, आणि पाठीची खालची कडही चामड्यावर आपटून गुळगुळीत झालेली असते. तेव्हा या दोन्ही जागांवरून बोट फिरवावे, आणि तेथे झिजेऐवजी कानशीचे ताजे ओरखडे आढळले तर पदक विक्रेत्याला परत द्यावे.