सुटलेलं विज्ञान पुन्हा धरता येतं
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



अमेरिकेतलं शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाबासाहेबांचं कोलंबिया विद्यापीठ उभं राहतं. आज मात्र मी तिथल्या लहान कॉलेजांबद्दल बोलणार आहे. त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. मी बारावी आर्ट्स. लग्नानंतर कॅलिफोर्नियात गेले आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र व जैवतंत्रज्ञान शिकले ते अशाच एका कॉलेजात.

अशा कॉलेजांची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यात, जोलिएट इथे झाली. आज एकट्या कॅलिफोर्नियात ती ११६ आहेत. प्रवेशाला टक्केवारीची अट नाही, वयाचं बंधन नाही. राज्याच्या रहिवाशांना फीसुद्धा विद्यापीठाच्या मानाने फारच कमी. संध्याकाळचेही वर्ग असतात. माझ्या शेजारच्या बाकावर रात्रपाळीचा वॉचमन होता, दोन मुलांची आई होती. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळी वर्ग भरवले. विचार तोच, की पोट भरणाऱ्या माणसाला शिकायला वेळ मिळाला पाहिजे.

पण मित्रांनो, दार उघडं असलं तरी जिना चढावाच लागतो. आधी बीजगणित, मग रसायनशास्त्र, त्यानंतर पुढचं जीवशास्त्र. पुष्कळ मुलं गणितातच गळतात. जैवतंत्रज्ञान शिकायला आलेल्यांना वाटतं, रसायनशास्त्र कशाला? त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो. म्हणून जेलमध्ये वीज सोडली की त्याचे तुकडे धन टोकाकडे सरकतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. रसायनशास्त्र कळलं तर हे समजतं, नाहीतर नुसते पट्टे दिसतात.

हाताचं कामही तितकंच महत्त्वाचं. मायक्रोपिपेटने एका मिलिलिटरचा हजारावा भाग अचूक उचलायचा, आणि केलेली प्रत्येक गोष्ट तारीख-वेळ घालून वहीत लिहायची. औषध कारखान्यात नियमच आहे, लिहिलं नाही ते केलंच नाही.

हे शिकून होतं काय? आपल्या वस्तीत साखरेचा आजार किती घरांत आहे, तुम्हीच बघा. पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी माणसाचा जीन जिवाणूत घालून मानवी इन्सुलिन तयार केलं. १९८२ साली अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. अशा औषधांच्या कारखान्यांत मोठमोठ्या टाक्यांवर, तपासणीच्या टेबलांवर जी माणसं काम करतात, त्यांतली कितीतरी या दोन वर्षांच्या कॉलेजांतून आलेली असतात.

आणि कुणी म्हणेल, तिथून पुढे काही नाही, तर क्रेग व्हेंटर यांचं उदाहरण घ्या. शाळेत ते मागे होते. व्हिएतनाम युद्धाहून परतल्यावर कॉलेज ऑफ सॅन मॅटिओ या कम्युनिटी कॉलेजात गेले. तिथून विद्यापीठात जाऊन १९७५ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. २००१ साली मानवी जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, त्यातल्या एका गटाचे ते प्रमुख होते.

पालकांना मात्र दोन गोष्टी सांगते. इथून परदेशी विद्यार्थी म्हणून गेलेल्या मुलाला रहिवाशाच्या कितीतरी पट फी पडते. एजंटाच्या बोलण्यावर कर्ज काढू नका. दुसरं म्हणजे, दोन वर्षांची पदवी ही बी.एस्सी. नव्हे. कोणते विषय पुढच्या विद्यापीठात धरले जातील, हे पहिल्याच सत्रात कॉलेजच्या समुपदेशकाकडून लिहून घ्यावं.

आपल्याकडे दहावीनंतर आर्ट्सला गेलं की बी.एस्सी.चं दार सहसा बंद होतं. माझ्या बाबतीत ते उघडलं, कारण एका कॉलेजाने मला बीजगणित पहिल्यापासून शिकवलं. म्हणून समितीला माझी विनंती आहे. विहाराचा हॉल आठवड्यातून दोन संध्याकाळी गणितासाठी द्यावा. त्यात मुलांबरोबर शाळा सुटलेल्या सुना-लेकींनाही बसू द्यावं. मी इथे आहे तोवर शिकवायला येईन. पुढे शिकलेल्या मुलांनी ते चालवावं.