ट्रकच्या केबिनमधली रात्र

पौषात मूलच्या गिरणीतला तांदूळ भरून हे नागपूरला निघाले, मीही सोबत गेले. नागभीडच्या पुढे दाट धुकं. पहाटे तीनला यांची मान एकदम खाली गेली. "अहो!" मी ओरडले. गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात घरून फोन, "कुठवर आलात?" एरवी हे मीच दर तासाला विचारायची!

चहानं झोप जात नाही. दोन तास झोपूनच निघालो. बायांच्या संडासाची सोय कुठेच नाही, म्हणून मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला ८ तास काम, ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं होतं. यांना सांगितलं तर हसले.

आता फोनवर मी एवढंच विचारते, "झोपलात का?"