तांबी बसविल्यानंतर
(पेडणे तालुक्यातील एका गावी महिला मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. मराठी विषय घेऊन पदवीधर झाले आणि प्रसिद्धीच्या कामास लागले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून समजावून घेतलेले आणि त्यांनी तपासून दिलेले आहे. विषय मात्र मी मागून घेतला.

१९६५ साली आपल्या देशात कुटुंबनियोजनासाठी लूप आले. अमेरिकेतील डॉ. जॅक लिपीज यांनी तयार केलेले ते प्लॅस्टिकचे वेटोळे होते. पहिल्या एक-दोन वर्षांत लाखो स्त्रियांनी ते बसवून घेतले आणि पुढे हे प्रमाण झपाट्याने खाली आले. लूप अगदीच वाईट होते असे नव्हे. पण शिबिर उठले की डॉक्टरही निघून जात. मागे कुणाला रक्तस्राव होई, कुणाच्या ओटीपोटात कळा येत, आणि ‘कशी आहेस?’ असे विचारावयास क्वचितच कोणी येई. मग त्या त्रासाच्या गोष्टी विहिरीवर आणि बाजारात पोहोचल्या, आणि त्यांना उत्तर देईल असे जाहिरातीचे एकही चित्र आमच्या खात्याला काढता आले नाही.

लूप मागे पडले. आज आहे ती तांबी, म्हणजेच कॉपर-टी. सरकारी आरोग्य केंद्रांतून ती मोफत बसवितात. तिचा एक प्रकार दहा वर्षे व दुसरा पाच वर्षे काम करतो. साधन सुधारले, परंतु बसविल्यानंतरची विचारपूस सुधारली काय, याविषयी माझ्या मनात अजून शंका आहे.

दोन वर्षांपूर्वी एका गावी चित्रांचे प्रदर्शन घेऊन गेले होते. सगळे पांगल्यावर एक तरुण स्त्री मागे रेंगाळली. तांबी बसवून तिला तीन महिने झाले होते. पाळी दहा-दहा दिवस चाले, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. ‘दवाखान्यात का गेली नाहीस?’ असे विचारले. ती कोकणीत जे बोलली त्याचा अर्थ असा, की सासूबाई नको म्हणत असताना मीच हट्टाने बसवून घेतली, आता कोणत्या तोंडाने सांगू? परिचारिकाबाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. रक्त फार कमी झाले होते. तांबी काढली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि ती पुन्हा उभी राहिली. तिचा दोष एवढाच, की काय साधारण आणि काय धोक्याचे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

ते आता सांगते. बसविल्यानंतर काही दिवस ओटीपोटात मुरडा येणे, थोडे रक्त दिसणे हे साधारण होय. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते व अधिक दुखते. पुढे बहुतेकींचे कमी होते. घरकाम, शेतकाम यांना मनाई नाही. त्या दिवशी विश्रांती मिळाली तर उत्तमच. लोहाच्या गोळ्या परिचारिकेकडून मागून घ्याव्यात, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या अंगात रक्त मुळातच कमी असते.

तपासणीस पहिल्यांदा जावयाचे ते पुढच्या पाळीनंतर, म्हणजे महिना-दीड महिन्याने, आणि नंतर तिसऱ्या महिन्यात. तांबी आपोआप बाहेर पडण्याचा संभव पहिल्या काही महिन्यांत अधिक. बाळंतपणानंतर लगेच बसविली असेल तर त्याहून अधिक. पाळीच्या दिवसांत कपड्याकडे लक्ष असावे. पाळी संपल्यावर हात स्वच्छ धुऊन बोटाने दोरा लागतो का ते पाहता येते. मात्र तो ओढू नये. दोरा लागला नाही, नेहमीपेक्षा लांब लागला किंवा काही टणक लागले, तर दवाखान्यात जावे, आणि तपासणी होईपर्यंत निरोध वापरावा. दोरा पतीला टोचत असेल तर तो कापून लहान करता येतो.

तांबी काळजापर्यंत चढते, ही समजूत खोटी आहे. पण मी अर्धेच सत्य सांगणार नाही. हजारात एखाद्या वेळी ती बसविताना गर्भाशयाच्या भिंतीतून पोटात जाऊ शकते. म्हणूनच दोरा हरवल्यावर स्वस्थ बसू नये.

पुढील गोष्टींसाठी तारखेची वाट पाहू नये. पाळी चुकली, ओटीपोटात सतत किंवा तीव्र दुखू लागले, ताप, थंडी, दुर्गंधीयुक्त स्राव, रक्तस्राव नेहमीच्या दुप्पट किंवा आठ दिवसांहून अधिक. जंतुसंसर्गाचे भय पहिल्या तीन आठवड्यांत विशेष असते. तांबी असताना गर्भ राहणे विरळा. वर्षात शंभरात एकीलाही राहत नाही. पण राहिलाच तर तो गर्भनलिकेत असू शकतो आणि ते जिवावर बेतते. पाळी चुकून पोटात दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गुप्तरोग व एड्स यांपासून तांबी संरक्षण देत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

बसविल्यावर मिळणारे कार्ड रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. त्यावर प्रकार, तारीख आणि बदलण्याचे वर्ष असते. पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकींना आपल्या पोटात तांबी आहे याचा विसर पडलेला असतो. पाळी कायमची थांबून वर्ष झाले की ती काढून घ्यावयाची असते.

आणि नकोशी झाली तर? मूल हवे म्हणून, त्रास होतो म्हणून किंवा नुसतीच नको म्हणून, केव्हाही काढून मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. काढल्यानंतर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. स्वतः मात्र काढू नये.

परिचारिकाबाईंनी तांबीचा नमुना आणला आहे. तो आता सर्वांकडे फिरेल. हातात घेऊन पाहा. मागच्या बाकांवरील पुरुष मंडळी उठू लागली आहेत, त्यांनी जरा थांबावे. तो त्यांच्याकडेही येणार आहे.