कामाचो : राजीनामा खिशात घेऊन फिरणारा डिफेंडर

आज सुरुवात एका आवाजापासून करू.

११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. वर्ल्ड कप फायनल, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. एक्स्ट्रा टाइमची ११६वी मिनिट आणि इनिएस्ता गोल मारतो. हा गोल आपण सगळ्यांनी शंभर वेळा बघितलाय. पण स्पेनच्या टीव्हीवरची क्लिप शोधून ऐका. त्यात कॉमेंट्री बॉक्समधला एक माणूस अक्षरशः बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "इनिएस्ता दे मी विदा!" म्हणजे साधारण, "इनिएस्ता, माझ्या जिवा!" पंचावन्न वर्षांचा माणूस, घसा फुटेस्तोवर. स्पेनमध्ये त्या गोलाची आठवण निघाली की हा आवाजही आठवतोच.

तो आवाज होसे अँटोनियो कामाचोचा. आज त्याची गोष्ट. एपिसोडच्या मतदानात तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गार्डिओला मागितला होता. तो होईल कधीतरी, त्याच्यावर बोलणारे खूप आहेत. कामाचोवर मराठीत कोणी बोलल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

तर, ८ जून १९५५चा जन्म, गाव सिएसा, मुर्सिया प्रांतातलं. अल्बासेते या छोट्या क्लबमधून पोरगा १९७३ला रिअल माद्रिदला आला आणि १९७४मध्ये, अठरा वर्षांचा असताना, पहिल्या टीममध्ये खेळला. लेफ्ट बॅक. उंचीने फार नाही, स्किल दाखवून टाळ्या घेणारा तर नाहीच नाही. याचं काम एकच, समोरच्याला खेळू द्यायचं नाही. त्या काळात बार्सिलोनात क्रायफ होता, आणि क्रायफच्या मागे सावलीसारखं लागायचं काम या पोराकडे यायचं. गल्लीत खेळताना एक जण असतो बघा, स्वतः गोल मारत नाही पण तो आपल्या टीममध्ये असला की जिवाला शांतता असते. तो हा.

१९७८मध्ये गुडघा गेला. नीट लक्षात घ्या, ७८ साल आहे. आजच्यासारखी ऑपरेशनं नाहीत, रिहॅब नावाची इंडस्ट्री नाही. जवळजवळ दोन वर्षं हा बाहेर. त्या वर्षीचा वर्ल्ड कप हुकला. बावीस-तेविसाव्या वर्षी दोन वर्षं बाहेर बसलेला डिफेंडर म्हणजे करिअर संपलं, असंच लोक धरून चालायचे. हा परत आला, १९८९पर्यंत खेळला. एकूण ९ ला लीगा, ५ स्पॅनिश कप, २ यूएफा कप आणि स्पेनकडून ८१ सामने.

एक गोष्ट मात्र मिळाली नाही, युरोपियन कप. १९८१ची फायनल पॅरिसमध्ये, लिव्हरपूलविरुद्ध. त्या दिवशी कामाचो मिडफिल्डमध्ये होता. सेकंड हाफमध्ये बॉल घेऊन तो एकटा पुढे निसटला, समोर फक्त गोलकीपर क्लेमन्स. याने बॉल वरून उचलला. क्लेमन्सच्या डोक्यावरून गेला आणि बारच्याही वरून गेला. शेवटाकडे लिव्हरपूलने गोल मारला, १-०. लिव्हरपूलचा गोल मारणारा अ‍ॅलन केनेडीसुद्धा लेफ्ट बॅकच! माद्रिदच्या त्याच टीममध्ये व्हिसेंते डेल बोस्के पण होता. हे नाव लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता मॅनेजर कामाचो. रायो वायेकानोला वरच्या डिव्हिजनमध्ये आणलं, मग एस्पान्योललाही आणलं. मध्ये सेव्हियात थोडे दिवस, ते जमलं नाही. आणि १९९८च्या उन्हाळ्यात मोठा फोन आला. रिअल माद्रिद. स्वतःचा क्लब, नुकताच चॅम्पियन्स लीग जिंकलेला. कुठल्याही जुन्या खेळाडूचं स्वप्न.

बावीस दिवसांत राजीनामा!

एकही मॅच खेळवली नाही. भांडण कशावरून, तर सोबत कोणाला घ्यायचं यावरून. माझा स्टाफ मी ठरवणार, हे त्याचं म्हणणं, आणि बोर्डाशी ते जुळलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर जॉइन झाला, लॅपटॉप मिळाला, आणि पहिला स्प्रिंट सुरू व्हायच्या आधी पेपर टाकले. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, काय माज आहे. नंतर नोकरीत दोन-तीन वर्षं काढल्यावर वाटायला लागलं की माज नसेलही. ज्या टीमचा हिशोब आपल्याकडून मागितला जाणार, ती टीम आपण निवडलेलीच नाही, हे काय असतं ते ज्याने भोगलंय त्याला विचारा.

मग त्याच सप्टेंबरमध्ये स्पेनची टीम सायप्रसमध्ये ३-२ने हरली. हो, सायप्रस. कोच क्लेमेंते गेला आणि कामाचोला बोलावणं आलं. पुढच्या सात क्वालिफायरमध्ये सात विजय, चाळीस गोल. ऑस्ट्रियाला ९-०. डिफेंडर कोचची टीम आहे ही! डिफेंडर कोच झाला की बस पार्क करणार, हे आपण गृहीत धरतो ना, त्याला हे परस्पर उत्तर.

युरो २०००मध्ये नॉर्वेकडून पहिलीच मॅच हरले. युगोस्लाव्हियाविरुद्ध नव्वद मिनिटं झाली तेव्हा ३-२ने मागे, म्हणजे घरी जाण्याची वेळ. इंज्युरी टाइममध्ये मेंडिएताची पेनल्टी आणि मग अल्फोन्सोचा गोल, ४-३. ती मॅच बघितली नसेल तर बघाच, वेडेपणा आहे निव्वळ. क्वार्टर फायनलमध्ये फ्रान्स. २-१ने मागे असताना शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली. रेग्युलर पेनल्टी मारणारा मेंडिएता कुठे होता? बेंचवर. कामाचोनेच त्याला आधी बाहेर काढलं होतं. राऊलने मारली, बारवरून. संपलं. ही मात्र कामाचोची चूक म्हणता येईल, किंवा नशीब म्हणा. मी चूक म्हणतो, अर्धी.

आता २००२. इथे जरा थांबू, कारण माझ्या मते या माणसाचं सगळं करिअर एका सेकंदावर अडकलंय, आणि तो सेकंद इथे आहे.

वर्ल्ड कप कोरिया-जपानमध्ये. निघायच्या आधीच लोचा. पहिला गोलकीपर कान्यिसारेसच्या पायावर सेंटची बाटली पडली, शिरेला दुखापत, वर्ल्ड कप बाहेर. ही मी रचलेली गोष्ट नाही. म्हणून एकवीस वर्षांचा कासियास गोलमध्ये. गटातल्या तिन्ही मॅच जिंकल्या. आयर्लंडला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं, त्यात कासियासने कमाल केली. याच वर्ल्ड कपमध्ये कामाचोच्या निळ्या शर्टावरचे काखेतले घामाचे डाग जगभर फेमस झाले. आज असतं तर दहा मिनिटांत मीम. तेव्हाही हसलेच लोक. पण कोरियातल्या दमट जूनमध्ये टचलाइनवर एक माणूस स्वतः खेळत असल्यासारखा पळतोय, तर घाम येणार नाही तर काय?

२२ जून, ग्वांगजू. क्वार्टर फायनल, यजमान दक्षिण कोरिया. राऊल जखमी, खेळला नाही. सेकंड हाफमध्ये स्पेनचा एक गोल धक्काबुक्कीच्या फाउलसाठी रद्द. ०-०, एक्स्ट्रा टाइम. त्या वेळी गोल्डन गोलचा नियम होता, म्हणजे एक्स्ट्रा टाइममध्ये जो पहिला गोल मारेल तो जिंकला, मॅच तिथेच बंद. ९२वी मिनिट. वीस वर्षांचा होआकिन उजवीकडून एंडलाइनपर्यंत गेला, क्रॉस टाकला, मोरिएंतेसने हेडर मारला, गोल. मॅच संपली पाहिजे. स्पेन सेमी फायनलमध्ये पाहिजे.

लाइन्समनचं निशाण वर. त्याच्या मते क्रॉस करायच्या आधी बॉल लाइनबाहेर गेला होता.

नियम काय सांगतो? संपूर्ण बॉल लाइनच्या संपूर्ण पलीकडे गेला तरच बाहेर. रिप्लेमध्ये बॉल आत दिसतो. आमच्या कामात याला बाउंडरी कंडिशन म्हणतात. 'पेक्षा मोठं' आणि 'पेक्षा मोठं किंवा तेवढंच' यातला एका चिन्हाचा फरक, आणि सगळं सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर देतं. फक्त आम्हाला दुसऱ्या दिवशी दुरुस्ती टाकता येते. वर्ल्ड कपमध्ये व्हीएआर यायला २०१८ उजाडलं.

कोरियाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. निशाण वर गेलेलं असताना त्यांच्या गोलकीपरने तो हेडर जिवाच्या आकांताने अडवायचा प्रयत्न केला असता का, हे कोण सांगणार? आणि स्पेनला १२० मिनिटं मिळाली होती, त्यांनी दुसरा गोल मारला नाही हेही खरंच. शूटआउट झालं. होआकिनची पेनल्टी अडवली गेली, तोच होआकिन. हाँग म्युंग-बोने शेवटची मारली, कोरिया ५-३.

तारीख परत बघा. २२ जून. १९८६च्या वर्ल्ड कपमध्ये क्वार्टर फायनलला स्पेन बेल्जियमकडून पेनल्टीवर हरला, २२ जून. खेळाडू म्हणून कामाचो तिथे होता. १९९६च्या युरोमध्ये इंग्लंडकडून, क्वार्टर फायनल, पेनल्टी, २२ जून. २००२, परत तेच. आपण इंजिनिअर लोक असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, पण स्पेनमध्ये या तारखेची धास्तीच बसली होती. तीनपैकी दोन वेळा हा माणूस तिथे हजर.

त्याने स्पेनचं पद सोडलं.

आता बेनफिका, पोर्तुगाल. हा भाग कमी लोकांना माहीत असतो. जानेवारी २००४, ग्विमारायशमध्ये मॅच. बेनफिका १-०ने पुढे. मिक्लोश फेहेर, चोवीस वर्षांचा हंगेरियन खेळाडू, सब्स्टिट्यूट म्हणून आलेला. रेफरीने पिवळं कार्ड दाखवलं, तो हसला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं. त्याच रात्री तो गेला. मैदानावर खेळाडू रडत होते, आणि कामाचोही रडत होता. ती क्लिप मी एकदाच बघितली, परत बघणार नाही. तुम्हीही शोधू नका. मे महिन्यात त्याच टीमने पोर्तुगीज कपच्या फायनलमध्ये मोरिन्योच्या पोर्तोला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ने हरवलं. त्याच पोर्तोने दहा दिवसांनी चॅम्पियन्स लीग जिंकली. बेनफिकाने तो कप फेहेरला अर्पण केला.

आणि मग २००४, परत रिअल माद्रिद. झिदान, रोनाल्डो, बेकहॅम, फिगो, राऊल, त्यात नवीन आलेला ओवेन. ज्याने डेल बोस्केला काढून टाकलं होतं, तोच क्लब. लीगच्या तीन मॅच झाल्या. लेव्हरकूसेनमध्ये ०-३, एस्पान्योलकडे ०-१, आणि कामाचो परत बाहेर. परत राजीनामा. या वेळी स्टाफचं भांडण नव्हतं. या खेळाडूंकडून मला हवं ते निघत नाहीये, एवढं कळल्यावर तो थांबला नाही. पगार घेत दिवाळीपर्यंत बसायचं, हाकललं की भरपाई घ्यायची, हा धंद्याचा रिवाज. याला तो कधी जमला नाही.

पळपुटा म्हणायचं का? म्हणणारे म्हणतात. माझं मत असं की मार्कर म्हणून घडलेल्या माणसाला समोर कोण आहे हे स्पष्ट लागतं. क्रायफ समोर असला की काय करायचं ते माहीत आहे. सुपरस्टारने भरलेल्या ड्रेसिंग रूममध्ये नेमकं कोणाला अडवायचं?

पुढचं पटकन सांगतो. बेनफिकात परत एकदा, मग ओसासुना. २०११मध्ये चीनचा कोच. २०१२मध्ये ब्राझीलकडून ८-० आणि २०१३च्या जूनमध्ये घरच्या मैदानावर थायलंडकडून ५-१, नोकरी गेली. या वेळी राजीनामा नाही, सरळ नारळ. मग गॅबन. २०१७च्या आफ्रिका कपचं यजमान, स्ट्रायकर औबामेयांग, आणि तीनही मॅच बरोबरीत, गटातच बाहेर. कॅमेरूनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला बॉल पोस्टला लागला. कॅमेरून तो कप जिंकून गेलं. पोस्टवरून आत गेला असता तर, हे या माणसाच्या बाबतीत किती वेळा म्हणायचं!

आता परत जोहान्सबर्ग. त्या फायनलमध्ये स्पेनकडून सुरुवातीपासून खेळणाऱ्यांत कासियास, पुयोल आणि शावी होते. तिघांनाही स्पेनची पहिली कॅप दिली होती कामाचोने, सन २०००मध्ये. बेंचवर कोच म्हणून डेल बोस्के, १९८१च्या पॅरिसमधला त्याचा टीममेट. आणि मधल्या काळात, २००८च्या युरोमध्ये, त्या शापित तारखेचं काय झालं माहितीये? क्वार्टर फायनल, इटली, पेनल्टी शूटआउट, २२ जून. कासियासने दोन अडवल्या. स्पेन जिंकलं, आणि पुढे तो युरोही जिंकलं. कोच आरागोनेस.

म्हणजे २०१०च्या त्या रात्री मैदानावर निम्मी ओळखीची माणसं आणि हा वर बॉक्समध्ये, हेडफोन लावून. आता ती क्लिप लावा. गोलच्या आधीचे दोन-तीन सेकंदही ऐका. बॉल इनिएस्ताकडे येतो, तो एकदा टप्पा पडू देतो, आणि मग तो आवाज फुटतो.

लिंक खाली दिलीये, इयरफोनचा आवाज जरा कमी ठेवून लावा. भेटू पुढच्या आठवड्यात.