धूळ उठते तेथेच अडवा



कारखान्यातला अपघात सर्वांना दिसतो. धुळीने होणारा घात मात्र दिसत नाही. कामगार वर्षानुवर्षे बिनतक्रार कामावर जातो आणि एके दिवशी चार पायऱ्या चढताच त्याला धाप लागते. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

जाड धूळ नाकाघशात अडते. खरा धोका पाच मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून, लहान कणांचा. ते थेट वायुकोशांत पोहोचतात. गारगोटी किंवा वालुकाश्म फोडताना उडणारे सिलिकेचे कण शरीरातील रक्षक पेशी गिळतात. परंतु ते नष्ट न होता त्या पेशीच मरतात. तेथे व्रणासारख्या गाठी बनून फुफ्फुस ताठर होते. हाच सिलिकोसिस. मध्य प्रदेशात मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना या रोगाने ऐन उमेदीत गाठले.

कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस निराळा. सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळल्यासारखी वाटते. सुरुवातीलाच काम बदलल्यास हा त्रास ओसरतो. सिलिकोसिस मात्र बरा होत नाही; काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि क्षय जडण्याचा धोकाही वाढवितो.

येथेच कामगारावर अन्याय होतो. खोकला आणि क्ष-किरण चित्रातील डाग पाहून केवळ क्षयाचे निदान केले जाते. व्यवसायाची नोंद होत नाही आणि भरपाईचा हक्क बुडतो. वास्तविक, कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये सिलिकोसिसची खबर देणे डॉक्टरांवर बंधनकारक ठरविण्यात आले होते. म्हणून प्रत्येक डॉक्टराने रोग्याला आवर्जून विचारावे, "तुम्ही आजवर कोणकोणती कामे केलीत?"

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. दगड कापताना पाणी सोडावे, यंत्राला आच्छादन घालावे, धूळ शोषून घेणारे पंखे बसवावेत, कोरडा झाडू वापरू नये. नाकावर बांधलेल्या फडक्यातून सूक्ष्म कण सहज आत शिरतात. योग्य मुखवटा हवाच, पण तो अखेरचा उपाय होय. ठराविक मुदतीने छातीची तपासणीही व्हावी.

सन २०३० पर्यंत सिलिकोसिसचे उच्चाटन करण्याचा कार्यक्रम आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ मध्ये हाती घेतला. त्यासाठी नव्या औषधाची वाट पाहण्याचे कारण नाही. मालकाने धूळ उठते तेथेच अडवावी, कामगाराने तसा आग्रह धरावा आणि डॉक्टराने रोगाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावे. पोट भरण्यासाठी केलेल्या कामाची किंमत कोणालाही आपल्या श्वासाने मोजावी लागू नये.