हत्तीवरचा कार्लो खान



अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये चित्रविक्रेत्यांच्या दुकानांसमोर गर्दी जमायची. काचेमागे नवी व्यंगचित्रं लावलेली असत. विकत घेणारे मोजके, फुकट बघून हसणारे भरपूर! तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र कोरायचं, आम्लाने रेषा खोल करायच्या, त्यांत शाई भरून कागदावर ठसा उमटवायचा. चित्राखाली प्रकाशनाची तारीख असे. १७३५च्या कायद्याने ती सक्तीचीच केली होती.

अशाच एका चित्राखाली तारीख आहे ५ डिसेंबर १७८३. चित्रकार जेम्स सेयर्स. मराठे आणि इंग्रज यांच्यातल्या सालबाईच्या तहाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मराठ्यांशी आणि म्हैसूरशी लढून ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती. मंत्री चार्ल्स फॉक्स यांनी विधेयक आणलं, की कंपनीचा कारभार संचालकांकडून काढून सात आयुक्तांच्या हाती द्यावा. विरोधकांनी ओरड केली, की फॉक्सला हिंदुस्थानातल्या नेमणुका स्वतःच्या मुठीत हव्यात.

सेयर्सने नेमकं तेच रेखाटलं. पगडी घातलेला फॉक्स, म्हणजे ‘कार्लो खान’, हत्तीवरून लंडनमधल्या कंपनीच्या कचेरीकडे निघालाय. हत्तीला तोंड आहे सहकारी लॉर्ड नॉर्थ यांचं. पुढे तुतारी फुंकत चाललेत फॉक्सचे संसदेतले साथीदार एडमंड बर्क. निशाणावरची ‘जनतेचा माणूस’ ही फॉक्सची बिरुदावली खोडलेली, आणि तिथे लिहिलंय ‘राजाधिराज’!

तिसऱ्या जॉर्ज राजाने उमरावांवर दबाव आणला आणि १७ डिसेंबरला वरिष्ठ सभागृहात विधेयक पडलं. फॉक्सचं मंत्रिपद गेलं, चोवीस वर्षांचा विल्यम पिट पंतप्रधान झाला. विधेयक पाडलं ते राजाने. पण संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपलं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात.

पुढे पिटच्या राजवटीत सेयर्सला सरकारी पद मिळालं. त्याहून थोर व्यंगचित्रकार जेम्स गिलरे. राजघराण्यालाही न सोडणारा. त्यालाही १७९७पासून सरकारकडून गुपचूप वार्षिक तनखा मिळू लागला.

म्हणून या चित्रांना निर्भीड म्हणताना जरा जपून. त्यांची कला अस्सल होती, धार अस्सल होती. पण ती कोणावर चालवायची, हे पुष्कळदा सत्तेचा पैसा ठरवत होता.